शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद घेताना आधी काय हाती घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा, पट 54, शिक्षक दोन. येत्या पालक सभेत शाळा व्यवस्थापन समिती नव्याने निवडायची आहे आणि विचारणाऱ्या ताई अध्यक्षपदासाठी पुढे यायचं म्हणताहेत. पालकांसमोर मांडायला त्यांनी एक यादी केली आहे. संरक्षक भिंत, स्मार्ट टीव्ही, सीसीटीव्ही, सेमी इंग्रजी आणि वेळेवर गणवेश. यातलं आधी काय घ्यावं, आणि समितीच्या हातात खरोखर काही असतं का, असं त्यांना विचारायचं आहे. गावात दोन गट आहेत, हेही त्यांनी जाता जाता लिहिलं आहे.

ताई, मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. केंद्रातल्या शाळांच्या समित्या बनताना, भांडताना, झोपी जाताना आणि क्वचित फार चांगलं काम करताना पाहिल्या आहेत. तुमच्या यादीतली एकही गोष्ट वाईट नाही, पण यातलं काहीही पहिल्या क्रमांकावर ठेवू नका. पहिलं हे ठेवा: तिसरी, चौथी आणि पाचवीतलं प्रत्येक मूल साधी गोष्ट अडखळत का होईना, वाचतं का? बाकी सगळं या प्रश्नामागे रांगेत उभं करा. भिंत असो की टीव्ही, त्यातून मुलांना वाचायला जास्त वेळ मिळणार असेल तर ती गोष्ट रांगेत पुढे, नसेल तर मागे.

हे ऐकून बहुतेक अध्यक्ष म्हणतात, शिकवणं शिक्षकांचं काम, आम्ही इमारत बघतो. कायदा मात्र तसं म्हणत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 मध्ये समितीची कामं दिली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष. यातलं पहिलंच काम शाळेच्या कामकाजावर देखरेख हे आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत, अध्यक्ष पालकांमधूनच आला पाहिजे, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. ही रचना बांधकाम समितीसाठी केलेली नाही. ज्याचं मूल त्या वर्गात बसतं त्याने विचारावं, यासाठी केलेली आहे.

मुलं वाचतात का हे शोधायला परीक्षेचे निकाल बघू नका. प्रगतिपुस्तकावर सगळ्यांनाच बरी श्रेणी असते. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत वापरतात ती पद्धत सोपी आहे आणि कोणालाही करता येते. एका मुलाला एकटं बसवायचं आणि त्याच्यापुढे आधी सोपा परिच्छेद ठेवायचा, चार ओळींचा. तो जमला तर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. परिच्छेद नाहीच जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. मूल जिथे आरामात वाचतं ती त्याची पातळी. गणितात अंक ओळख, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. एका मुलाला काही मिनिटं लागतात, म्हणजे तिन्ही वर्ग दोन सकाळींत होतात.

पण हे शिक्षकांच्या पाठीमागे करू नका. मुख्याध्यापकांशी आधी बोला, शिक्षकांनाच सोबत घ्या, आणि कोणत्या मुलाची कोणती पातळी हे पालक सभेत नाव घेऊन वाचू नका. गावात ते दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोचतं आणि ते मूल शाळेतून उठतं. सभेत फक्त आकडा सांगायचा: तिसरी ते पाचवीत इतकी मुलं, त्यातली इतकी गोष्ट वाचतात, इतकी शब्दांवर अडली आहेत, इतकी अक्षरांवर. हाच आकडा दर तीन महिन्यांनी पुन्हा काढायचा. तुमच्या दोन वर्षांच्या कामाचं मोजमाप म्हणून मला एवढा एक आकडा पुरेसा वाटतो.

आकडा निघाला की शिक्षकांकडे एकच विनंती न्यायची: रोज एक तास वर्ग मोडून पातळीनुसार गट करता येतील का? चौथीतलं अक्षरांवर अडलेलं मूल आणि दुसरीतलं तसंच मूल त्या एका तासात शेजारी बसू शकतात. दोन शिक्षक, तीन गट, तिसऱ्या गटाला गावातली बारावी झालेली एखादी मुलगी किंवा निवृत्त माणूस. यासाठी शासनाची परवानगी किंवा पैसा लागत नाही. शिक्षकांची तयारी लागते, आणि ती मागताना समितीचा सूर तपासणी अधिकाऱ्याचा असला तर मिळत नाही.

आता शिक्षकांच्या वेळेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण द्विशिक्षकी शाळेचं सगळं दुखणं तिथे आहे आणि बाहेरून ते दिसत नाही.

कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं व्हायला हवं. कागदावर ते होतं. पण तुमच्याकडे पाच वर्ग आणि दोन माणसं. पूर्णवेळ मुख्याध्यापकाचं पद प्राथमिक शाळेत 150 च्या वर मुलं असल्यावर येतं, म्हणून दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार असतो. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची माहिती, आधार जुळवणी, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँक, केंद्राची शिक्षण परिषद, तालुक्याची बैठक, मधूनच आलेलं ‘आज पाच वाजेपर्यंत माहिती पाठवा’ हे सगळं त्याच माणसाकडे. तो तालुक्याला गेला की पाचही वर्ग दुसऱ्याकडे. एक वर्ग फळ्यावर, एक वाचत, तीन ‘शुद्धलेखन लिहा’वर. दुसरा शिक्षक प्रशिक्षणाला गेला तर त्या आठवड्यात शाळा म्हणजे नुसती राखण.

म्हणून अध्यक्ष झाल्यावर हजेरीपटाशेजारी एक साधी वही ठेवायला सांगा: आज दोन्ही शिक्षक पूर्ण वेळ वर्गावर होते का, नसतील तर कोणत्या कामाला गेले. कोणाच्या चौकशीसाठी ही वही नाही, हे शिक्षकांना आधीच सांगा. तीन महिन्यांनी ती शिक्षकांच्याच बाजूने बोलते. कलम 27 नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. ही कामं वगळून किती दिवस गेले याचा तपशील घेऊन समितीने ठराव केला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला, तर तो शिक्षकाचं गाऱ्हाणं म्हणून बाजूला पडत नाही. पालकांचा ठराव असतो, आणि त्यावर पोच घेतलेली असते. शिक्षक स्वतः वरिष्ठांना हे लिहू शकत नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही लिहिलंत तर पुढच्या दोन वर्षांत ते तुमच्यासाठी काय काय करतील ते बघा.

शिक्षक उशिरा येत असेल, वर्गात मोबाइल बघत असेल, तर तेही याच वहीत दिसेल. तेव्हा आधी एकट्याला, मग समितीच्या बैठकीत, मग केंद्रप्रमुखांकडे. थेट शाळेला कुलूप ठोकणं हा प्रकार वर्तमानपत्रात छान दिसतो, पण बुडतात ते मुलांचे दिवस. बदली किंवा नेमणूक समितीच्या हातात नाही, तशी आश्वासनं पालकांना देऊ नका.

पटाचं गणित तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. परिशिष्टाप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. राज्य दरवर्षी संचमान्यता करतं, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवतं, ती शासन निर्णयाच्या निकषांवर, आणि ते निकष बदलत राहतात. तेव्हा चालू वर्षाचा निर्णय मुख्याध्यापकांकडून मागून नीट वाचा. पण दिशा स्पष्ट आहे. तुमचा पट 54 आहे आणि गावातली काही मुलं रोज सकाळी पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. ती किती, हे मोजलंय का? तीच मुलं परत आली तर तिसऱ्या शिक्षकाची मागणी करायला जागा तयार होते. उलट दहा मुलं आणखी गेली तर शाळा हळूहळू वीसच्या दिशेने घसरू लागते. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची चर्चा राज्यात 2023 मध्ये कशी झाली ते तुम्ही ऐकलं असेल. व्हॅनमधली मुलं टीव्ही लावल्याने परत येत नाहीत, व्हॅनवाल्या शाळेतही टीव्ही आहे. शेजारच्या घरातलं जिल्हा परिषदेतलं तिसरीचं पोर घडाघडा वाचताना दिसलं की मात्र आईबापांच्या मनात हिशेब सुरू होतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शिक्षण विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांचा गवगवा झाला तो वर्गात बदललेल्या शिकवण्यामुळे. जून 2015 मध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा निर्णय काढला तेव्हाही रोख प्रत्येक मूल शिकतं का यावरच होता.

पट आणि उपस्थिती यांतला फरकही लक्षात घ्या. तुमच्या भागातून ऊसतोडीला कुटुंबं जात असतील तर दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा होतो, पण पट तोच राहतो. अशा गावात समितीचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे दसऱ्याच्या आसपास घरोघरी जाऊन कोण जाणार, मूल आजी-आजोबांकडे ठेवता येईल का, हे ठरवणं आणि हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करणं. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायला सांगा, म्हणजे कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेत त्याला बसवून घेता येतं. तुमचं गाव तसं नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

पैशाकडे येतो. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 25,000 रुपये, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. वीजबिल, खडू, रजिस्टरं, प्रिंटरची शाई, फुटलेला नळ, इंटरनेट हे सगळं यातून. म्हणजे संरक्षक भिंत या पैशातून सात जन्मांत होत नाही. तुम्ही पालकांना भिंतीचं वचन दिलंत तर ते पैशाअभावी मोडेल आणि दोन वर्षं तुम्ही तालुक्याच्या वाऱ्या करत राहाल. भिंत, वर्गखोल्या, मोठी दुरुस्ती ही ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजनची कामं. समितीने ती मागायची, आणि मागण्याची जागा म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा. पुढच्या वर्षाचा आराखडा करण्याची मोहीम 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या ग्रामसभेला तुम्ही दहा-पंधरा आयांना घेऊन बसलात, शाळेचं काम लेखी दिलंत आणि ते इतिवृत्तात आलं, तर आराखड्यात शिरण्याची आशा. मार्चमध्ये सरपंचांच्या घरी जाऊन काही होत नाही, तोवर पैसे वाटून झालेले असतात.

पाणी आणि शौचालय मात्र भिंतीच्या आधी मागा. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला होता, त्यामुळे या कामांची सवय ग्रामपंचायतींना झाली आहे आणि नाही म्हणणं त्यांना जड जातं. शौचालय बांधलेलं असतं, पण कुलूपबंद असतं किंवा आत पाणी नसतं. पाहणीच्या कागदावर ते ‘आहे’ म्हणूनच जातं. मुलींचं शौचालय दुपारी बारा वाजता जाऊन स्वतः उघडून बघा. चौथी-पाचवीतल्या मुली दिवसभर पाणी का पीत नाहीत ते कळेल.

तुमच्या यादीतल्या बाकीच्या गोष्टी पटकन. सीसीटीव्ही: ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या प्रकारानंतर शासनाने तो सक्तीचा केला, त्यामुळे मागणी करा, पण कॅमेऱ्यापेक्षा शाळेत येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद, तक्रारपेटी आणि ती महिला सदस्यांनी उघडणं हे उद्यापासून फुकट होतं. स्मार्ट टीव्ही: आधी कपाटात बंद असलेला जुना टीव्ही किंवा प्रोजेक्टर चालू आहे का बघा. बहुतेक शाळांत असा एक निघतो. गणवेश: 2024-25 मध्ये राज्याने सगळीकडे एकत्रित पुरवठा करून पाहिला, कपडे उशिरा आले, मापं चुकली, आणि पुढच्या वर्षासाठी काम पुन्हा समित्यांकडे आलं. माप घेणं, कापड निवडणं, पावती ठेवणं हे जूनच्या आधी उरका. बस.

सेमी इंग्रजीवर तुमचे पालक अडून बसतील, कारण व्हॅनचं कारण तेच आहे. त्यांची हौस म्हणून त्याला हसू नका. पण पाचवीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक, एकाच वेळी अनेक वर्ग, अशा ठिकाणी गणित इंग्रजीतून करायचं तर आधी हे बघा की मुलाला मराठीतलं शाब्दिक उदाहरण वाचून कळतं का. ज्याला ‘रामूकडे 35 आंबे होते, त्यातले 17 विकले’ हे वाचता येत नाही, त्याला तेच इंग्रजीत दिलं तर ते अंक बघून अंदाजाने बेरीज करतं. माझं मत असं की पहिल्या वर्षी वाचनावर काम करा आणि सोबत रोज वीस मिनिटं बोलकं इंग्रजी, गाणी, गोष्टी, आपल्या आसपासच्या वस्तूंची नावं, एवढं शिक्षकांकडून मागा. गणितातल्या संज्ञा दोन्ही भाषांत कानावर पडू द्या. सेमीचा निर्णय दुसऱ्या वर्षी, आकडा हातात असताना, आणि शिक्षकांना ते झेपेल असं त्यांनी स्वतः सांगितल्यावर घ्या.

पोषण आहार तुमच्या यादीत नव्हता, तो असायला हवा. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ ठरलेली आहे, त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. 54 मुलं हजर असतील तर तांदूळ 5 किलो 400 ग्रॅम. 46 आली तर 4 किलो 600. वहीत रोज पूर्ण पटाचा तांदूळ आणि ताटं मात्र कमी, असं दिसलं तर विचारा. डाळ पातळ आहे का हे कळायला रजिस्टर लागत नाही. समितीतल्या एका आईने आळीपाळीने रोज मुलांसोबत जेवावं आणि चव नोंदवहीत खरं लिहावं. ही एक गोष्ट सुरू झाली की आया शाळेच्या आवारात रोज दिसू लागतात, आणि मग वाचनाच्या गटाला मदतनीस कुठून आणायचा हा प्रश्नही अर्धा सुटतो.

गावातले दोन गट. त्यांना समितीत येऊ द्या, तुम्ही कितीही टाळलंत तरी ते येणारच. ग्रामपंचायत सदस्याला समितीत जागा आहेच. फक्त बैठकीचा पहिला विषय दर महिन्याला तोच ठेवा: वाचनाचा आकडा, शिक्षकांचे वर्गावरचे दिवस, मुलांची हजेरी. त्यावर गटबाजी करायला फारसं काही सापडत नाही. भांडण होतं ते खरेदीवर आणि ठेक्यावर. म्हणून प्रत्येक खर्चाची पावती फळ्यावर लावा आणि लोकवर्गणी घेतलीत तर पावती पुस्तकाशिवाय एक रुपयाही घेऊ नका. वर्गणी ऐच्छिकच असली पाहिजे, न देणाऱ्याच्या मुलाला त्याची झळ लागता कामा नये. ठराव करूनही तालुक्याकडून काहीच हललं नाही तर कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायचा असतो, आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. हा रस्ता आहे हे माहीत असू द्या. माझ्या पाहण्यात चांगल्या समित्यांना तिथवर जावं लागलं नाही, कारण पोच घेतलेल्या ठरावांची फाइल बघूनच बरीचशी कामं मार्गी लागली.

सभेची तारीख लागण्याआधी शाळेत जाऊन तीन गोष्टी बघून घ्या: मागच्या समितीचं इतिवृत्त, चालू शाळा विकास आराखडा आणि गेल्या वर्षीच्या अनुदानाचा खर्च. आराखडा तीन वर्षांचा असतो. तुमच्या शाळेचा आहे की शेजारच्या शाळेच्या आराखड्यावर नाव बदलून दिलेला आहे, ते दोन पानांत कळतं. इतिवृत्तात सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दिवशी केल्यासारख्या दिसल्या तर दचकू नका, तेही पुष्कळ ठिकाणी दिसतं. कागद मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, पण तो पहिल्याच आठवड्यात टाकू नका. मुख्याध्यापकांबरोबर तुम्हाला दोन वर्षं काढायची आहेत.